घरी कोथिंबीर लावायची किट: कुंडी एक नंबर, ट्रे मात्र बाजूला ठेवा

घरच्या घरी कोथिंबीर लावायला म्हणून जी रेडीमेड किट मिळते ना, ज्यात लांबट कुंडी, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट, गांडूळखताची पिशवी, बियांची दोन पाकिटं, रोपांचा एक छोटा ट्रे आणि माहितीचं कार्ड असं सगळं एका खोक्यात येतं, ती मी बरेच महिने वापरतेय, तीन-चार वेळा पेरून काढून झाली, त्यामुळे आता नीट लिहिते. घ्यावी का? हो, घ्यावी. पण ती कुंडीसाठी घ्यावी, आणि कार्डवर जे लिहिलंय ते सगळंच्या सगळं ऐकू नये.

आधी कुंडीबद्दल, कारण खरी किंमत तिचीच आहे. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, ते सरळ खाली जातं, त्यामुळे उथळ ताटासारख्या कुंडीत ती कधीच धड होत नाही, थोडी वाढते आणि मग नुसती पिवळी पडत बसते. ही कुंडी आतून चांगली 20 सेंटीमीटर खोल आहे आणि लांब आहे म्हणजे पानंही भरपूर येतात. खाली पाण्याची वेगळी टाकी आहे, त्यातून वातीने पाणी वर ओढलं जातं आणि जास्तीचं पाणी बाजूच्या भोकातून निघून जातं. हे मला फार आवडलं कारण कोथिंबिरीला माती ओलसर लागते पण चिखल अजिबात चालत नाही, कोवळी रोपं जास्त पाण्याने बुडाशी काळी पडून सडतात आणि एका रात्रीत आडवी होतात. एकच लक्षात ठेवा, बी रुजेपर्यंत टाकीच्या भरवशावर राहू नका, बी असतं सगळं वरच्या एक सेंटीमीटरमध्ये आणि तो थर वरून सुकतो, तेव्हा रोज हलकं पाणी वरूनच फवारायचं. रोपं चांगली बोटभर झाली की मग टाकी भरायची आणि निवांत.

आता ट्रे. कार्ड म्हणतं बी ट्रेमध्ये रुजवा आणि रोपं मोठी झाली की कुंडीत हलवा. टोमॅटो-मिरचीला हे ठीक आहे, पण कोथिंबिरीला का?? उपटून लावलं की सोटमूळ दुखावतं, आणि झाडाला असा ताण बसला की ते पानं वाढवायचं सोडून थेट फुलावर येतं. म्हणजे आपण पानांसाठी एवढा खटाटोप करायचा आणि हातात काड्याच. कोथिंबीर जिथे वाढवायची तिथेच पेरायची, हे कार्डवर मोठ्या अक्षरात हवं होतं. ट्रे फुकट जात नाही पण, त्यात बी दाट पेरून मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळेपणीच कापून खायची रोपं, करता येतात, कातरलेल्या कडांची पहिली खरी पानं दिसायला लागली की कात्रीने कापायची, सॅलडवर आणि सूपवर मस्त लागतात, वास तर इतक्याशा पानांनाही पक्का असतो.

बियांच्या पाकिटांबद्दल माझं मत संमिश्र आहे. एका पाकिटात धणे अख्खे होते आणि एकात दोन फाकी केलेले. आपण ज्याला एक धणा म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्याआधी हलक्या हाताने लाटणं फिरवून ते दोन भाग करायचे, पीठ करायचं नाही हं, आणि मग रात्रभर पाण्यात भिजवायचे. असं केलं की रुजणं लवकर आणि एकसारखं होतं. तरीही सात ते दहा दिवस लागतातच, थंडी असेल तर दोन आठवडेसुद्धा, त्यामुळे चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका प्लीज. आधी दोन लांबट, गुळगुळीत पानं येतात, ती बघून बऱ्याच जणांना वाटतं हे गवत उगवलं की काय आणि उपटून टाकतात! थांबा जरा, कातरलेल्या कडांचं ओळखीचं पान त्यानंतर येतं. अजून एक, बियांवर गुलाबी किंवा निळा रंग दिसला तर त्यांना बुरशीनाशक लावलेलं असतं, ते धणे फक्त पेरायचे, उरले म्हणून स्वयंपाकाच्या डब्यात अजिबात टाकायचे नाहीत. पाकिटावर ही सूचना आहे पण इतकी बारीक की भिंग लागेल.

कोकोपीट चांगलं फुगतं, हलकं आहे, पण त्यात स्वतःचं पोषण जवळजवळ काहीच नसतं. किटमधलं गांडूळखत एका पेरणीपुरतं आहे, दुसऱ्या वेळी वेगळं आणून साधारण तीन भाग कोकोपीटला एक भाग घालावं लागतं.

ऊन चार ते सहा तास, तेही सकाळचं असेल तर उत्तम. कडक उन्हाळा आणि लांब दिवस आले की कोथिंबीर फुलावर यायची घाई करते, तो तिचा स्वभावच आहे, त्यात किटचा दोष नाही. मधला दांडा उंच व्हायला लागला आणि पानं शेपूसारखी बारीक निघाली की समजायचं. दांडा खुडून थोडे दिवस लांबवता येतात पण परत पहिल्यासारखी पानं येत नाहीत. म्हणून एकदाच सगळी कुंडी पेरण्यापेक्षा अर्धी आज, अर्धी दोन-तीन आठवड्यांनी पेरा, म्हणजे एक भाग संपत आला की दुसरा तयार. पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी कापणी सुरू होते, बाहेरची पानं देठासकट कापायची, एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही, मधला कोंब ठेवायचा.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते, स्वयंपाक. मला सगळ्यात मोठा फरक इथे जाणवला. कोथिंबिरीचा वास उडून जाणारा असतो, कापल्यावर आणि तापवल्यावर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे कुंडीतून तोडून दोन मिनिटांत पातेल्यात टाकलेली आणि फ्रीजमध्ये चार दिवस पडलेली यांची तुलनाच नको. गॅस बंद करायचा, मग पानं घालायची, झाकण ठेवायचं. देठं मात्र फोडणीत कांद्याबरोबर घाला, ती टिकतात आणि चव खोलवर उतरते, देठं फेकणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. झाड काढून टाकाल तेव्हा मुळंही घासून धुवा आणि लसूण-मिरीबरोबर वाटा, थाई स्वयंपाकात हे वाटण असतंच आणि इतकं सुगंधी होतं की विचारू नका.

घरात कुणाला कोथिंबीर साबणासारखी लागत असेल तर त्यांना नखरे म्हणू नका, पानातल्या अल्डिहाइड नावाच्या घटकांचा तो वास आहे आणि 2012 च्या एका अभ्यासात त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या ओआर6ए2 या जनुकाशी दिसला होता. अशांना चिरलेली देऊ नका, वाटून चटणी करून द्या, वाटल्यावर ते घटक मोडतात आणि बऱ्याच जणांना चालते.

फुलावर आलेली रोपंही लगेच उपटू नका. पांढरी फुलं मधमाश्यांना आवडतात, त्यानंतर जे हिरवे धणे धरतात ते बाहेर सहसा विकत मिळत नाहीत, पान आणि धणा दोन्हींची चव एकदम, वर लिंबाच्या सालीसारखा वास. डाळीत किंवा लोणच्यात चार दाणे ठेचून घाला. तसेच ठेवले तर वाळून तपकिरी होतात, थोडे मसाल्याला, थोडे पुढच्या पेरणीला.

म्हणून मी याला पाचपैकी चार स्टार देतेय. कंपनीने पुढच्या वेळी ट्रे काढून त्या जागी गांडूळखताची अजून एक पिशवी द्यावी, बियांचं पाकीट उशिरा फुलावर येणाऱ्या जातीचं द्यावं आणि त्यावर पॅकिंगची तारीख ठळक छापावी, कारण धणे जुने झाले की रुजत नाहीत आणि लोकांना उगाच वाटतं आपल्या हाताला यश नाही.