स्टेट्समन डब्ल्यूबी: पाच लिटरच्या व्ही-एटसोबत काही महिने

ॲव्हरेज आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवाल. मेलबर्नच्या सिग्नलांमधून लिटरला जेमतेम पाच किलोमीटर. हायवेवर पाय आवरून चालवली तर सात. पुण्याहून फोन आला की काका हा एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकून विषय बदलतात.

गाडी आहे १९८२ची स्टेट्समन डी व्हिल, ऑस्ट्रेलियाच्या होल्डन कंपनीने बनवलेली, डब्ल्यूबी मालिकेतली. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, तीन गिअरचं ऑटोमॅटिक, चारही चाकांना डिस्क ब्रेक. लांबी पाच मीटरच्या वर. डब्ल्यूबी स्टेट्समनमध्ये दुसरं इंजिन मिळतच नव्हतं. सहा सिलिंडर हवं असेल त्याने दुसरीकडे बघावं, असा कंपनीचा सरळ हिशेब.

हिच्या जन्मामागे एक चांगलाच धडा आहे. १९६७ मध्ये फोर्डने ऑस्ट्रेलियात आपल्या फाल्कनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ताणून फेअरलेन आणली आणि ती धडाधड खपली. होल्डनकडे उत्तर नव्हतं. घाईघाईत त्यांनी १९६८ मध्ये आपल्याच प्रीमिअर सेदानची फक्त डिकी आठ इंचांनी वाढवली, आत गाद्या बऱ्या घातल्या आणि तिला ब्रूअम हे नाव दिलं. म्हणजे मागे बसणाऱ्याच्या पायांना एक इंचही जागा वाढली नाही, बॅगांची मात्र चंगळ झाली. गिऱ्हाईक इतकं भोळं नसतं. फेअरलेनपुढे ब्रूअमची डाळ शिजली नाही.

मग १९७१ मध्ये एचक्यू मालिका आली तेव्हा काम नीट झालं. साध्या एचक्यू सेदानचा व्हीलबेस १११ इंच, स्टेट्समनचा ११४. हे तीन इंच सगळेच्या सगळे मागच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळाले. गंमत अशी की हाच ११४ इंचांचा व्हीलबेस स्टेशन वॅगनला होता आणि यूटलाही. यूट म्हणजे इथला सुतार-प्लंबर शिड्या आणि सिमेंटची पोती टाकून फिरवतो ती मागून उघडी गाडी. साहेबाची लिमोझिन आणि कामगाराची यूट एकाच मापावर बेतलेल्या! वरून कंपनीचा आग्रह असा की हिला होल्डन म्हणायचं नाही. स्टेट्समन हा स्वतंत्र ब्रँड म्हणूनच विकला गेला. जपानमध्ये काही गाड्या इसुझुच्या नावाने गेल्या, दक्षिण आफ्रिकेत शेव्हर्लेच्या.

या यूटच्या नात्याचा फायदा मला आज होतो. पुढच्या सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे भाग, इंजिनाचं जवळजवळ सगळं सामान सहज मिळतं, कारण एचक्यूच खपल्या पावणेपाच लाखांच्या वर आणि तोच सांगाडा थोड्याफार फरकाने १९८४ पर्यंत चालला. मिळत नाही ते फक्त स्टेट्समनचं असं जे काही असतं ते. डब्ल्यूबीला लिओ प्रुनो यांच्या डिझाइन विभागाने मागून नवं छप्पर दिलं, मोठी काच दिली, कोपऱ्यांवरून वळणारे मागचे दिवे दिले. दिसायला झकास. पण त्या दिव्याची एक काच तडकली तर शोधत बसा. माझी मिळाली तेव्हा तिच्या किमतीत साध्या गाडीचे चार टायर आले असते.

आता चालवण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात मला ही गाडी मंद वाटली. आजची कुठलीही टर्बो हॅचबॅक सिग्नलवरून हिला मागे टाकते आणि त्या पोरांना वाटतं, म्हाताऱ्या व्ही-एटला हरवलं. पण बॅकस मार्शच्या पुढे पेंटलँड हिल्सचा चढ लागतो, तिथे खरी गोष्ट कळते. चार माणसं, भरलेली डिकी, एसी चालू, आणि गाडी गिअर न बदलता, आवाज न चढवता वर जाते. इंजिनाला काही सिद्ध करायचं नाही. ताकद सगळी खालच्या आरपीएमला ठेवली आहे. ॲडलेडपर्यंतचे सव्वासातशे किलोमीटर आम्ही बॅलरॅट, होर्शम, निल असे थांबत गेलो. पोहोचल्यावर पाठ ताठ होती, डोकं दुखत नव्हतं, आणि मुलं मागे झोपलेली होती.

माझ्या मते ऑस्ट्रेलियन लक्झरीचा अर्थच हा आहे: अंतर कापून माणसाला थकू न देणं. इंग्लंडची आलिशान गाडी लाकूड आणि चामड्याने बोलते, जर्मन गाडी वेगाने. इथे शेतकरी, डॉक्टर, छोट्या गावचा वकील स्वतःच स्टिअरिंगवर बसायचा आणि तीनशे किलोमीटरवरच्या कामाला जाऊन संध्याकाळी परत यायचा. त्याला ड्रायव्हर नको होता, चांगली सीट आणि चालणारा एसी हवा होता. खिडक्यांची बटणं वगैरे ठीक आहे, पण या गाडीचं मोठेपण तिच्या सस्पेन्शनमध्ये आहे. १९७७ च्या एचझेड मालिकेत होल्डनने रेडिअल टायरच्या हिशेबाने सस्पेन्शन नव्याने बसवलं. तोवरची एचक्यू वळणावर होडीसारखी डुलायची. डब्ल्यूबीला ते सुधारलेलं सस्पेन्शन आयतं मिळालं. मागे मात्र अखंड ॲक्सलच आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली, त्यामुळे वळणात खड्डा आला की मागची बाजू हलकेच बाजूला उडी मारते. ग्रेट ओशन रोडच्या समुद्रकाठच्या वळणांवर हिला नेऊन उगाच छळू नका.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, नाही ही खरी खोट. तिसऱ्या गिअरमध्ये एकशे दहाला इंजिन जरा जास्तच फिरतं. आवाजाचा त्रास नाही, पेट्रोलचा आहे. काही जण चार गिअरचा बॉक्स बसवतात. मी नाही बसवणार. मला जशी होती तशी हवी आहे, आणि खिसासुद्धा तेच सांगतो.

पेट्रोलवरून आठवलं. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून नव्या गाड्यांना बिनशिशाचं पेट्रोल सक्तीचं झालं, आणि शिशाचं पेट्रोल २००२ मध्ये पंपांवरून गेलंच. अनेक जण म्हणतात, ९८ ऑक्टेन घाला, झालं काम. तसं नाही. ऑक्टेनमुळे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबतं. शिसं आणखी एक काम करायचं: व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीवर त्याचा पातळ थर बसायचा आणि तापलेला धातू धातूला चिकटायचा नाही. तो थर गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल रुतत जातो. इलाज दोन. दर टाकीला शिशाऐवजीचं ॲडिटिव्ह घालायचं, नाहीतर हेड उघडून कठीण पोलादाच्या बैठका बसवायच्या. माझ्या गाडीच्या हेडचं काम आधीच्या मालकाने करून घेतलं होतं आणि पावती जपून ठेवली होती. मी गाडी घेतली ती निम्मी त्या पावतीमुळे.

रस्त्यावर आणायला मी व्हिक्टोरियाचं, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याचं, क्लब परमिट घेतलं. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी, मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व, आणि वर्षाला पंचेचाळीस किंवा नव्वद दिवस चालवायची मुभा. गाडी बाहेर काढण्याआधी लॉगबुकात तारीख लिहायची. लिहिली नाही तर ती गाडी कायद्याने विनानोंदणीची. माझ्या बायकोने लॉगबुक स्टिअरिंगला रबरबँडने बांधून ठेवलं आहे. सवय लागली. स्वस्तही पडतं. पण ऑफिसला रोज न्यायची गाडी ही नव्हे हे या नियमानेच ठरून जातं, आणि ते बरंच आहे.

सुरक्षेबद्दल खोटं बोलणार नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. बेल्टच्या बाबतीत मात्र हा देश पुढे होता: १९७० मध्ये व्हिक्टोरियाने जगात पहिल्यांदा बेल्ट लावणं सक्तीचं केलं. मुलांच्या सीटचे वरचे पट्टे अडकवायला मागे आंकडे आहेत, त्यामुळे धाकटीची सीट नीट बसते. पावसात मात्र पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो.

आई-बाबा आले होते तेव्हा बाबा मागे बसले आणि म्हणाले, ही तर कॉन्टेसा! चूक नव्हते. आपली कॉन्टेसा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून बनलेली, आणि व्हॉक्सहॉल काय, होल्डन काय, दोन्ही तेव्हा जनरल मोटर्सच्या. म्हणजे चुलत बहिणीच. योगायोग पाहा, १९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा बाजारात आली, त्याच वर्षी इथे डब्ल्यूबी बंद होत होती. १९७९ च्या तेलसंकटानंतर होल्डनने सगळी मदार ओपेलवरून घेतलेल्या लहान कमोडोरवर ठेवली आणि मोठी गाडी वाऱ्यावर सोडली. फोर्डने फेअरलेन चालूच ठेवली आणि पुढची काही वर्षं मैदान तिला मोकळं मिळालं. होल्डन १९९० मध्ये व्हीक्यू घेऊन परतली, आणि पुन्हा स्टेशन वॅगनच्याच व्हीलबेसवर! तो २,८२२ मिलिमीटर, म्हणजे माझ्या डब्ल्यूबीहून कमीच. पण मागे स्वतंत्र सस्पेन्शन आणि फ्युएल इंजेक्शन होतं. ज्यांना जुन्या गाडीची हौस आहे पण कार्ब्युरेटरशी सकाळी वाटाघाटी करायच्या नाहीत, त्यांनी व्हीक्यू बघावी. मी डब्ल्यूबीच घेईन, पण तो आवडीचा प्रश्न आहे.

घ्यायची ठरवलीत तर रंगाकडे बघू नका, गंजाकडे बघा. मागच्या काचेखालचे कोपरे, पुढच्या काचेखालची पट्टी, दारांखालचे सिल, डिकीचा तळ. खिशात लोहचुंबक न्या. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुटी आहे. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स होतो, गंजलेली बॉडी घर विकायला लावते. एका गॅरेजने माझ्या सिलचा छोटासा गंज बघून जो आकडा सांगितला, तो ऐकून मी वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग लावला आहे.

आणि टोकन देण्याआधी स्वतःचं गॅरेज मोजा. नव्या वसाहतींतली गॅरेजं हिच्या मापाची नाहीत. आमच्याकडे शटर लागतं, पण मुलांच्या सायकली तेव्हापासून अंगणात आहेत.