फवारणीचा ड्रोन विकत की भाड्यानं? शेजाऱ्याचं पीक गेलं तर भरायचं कुणी

निपाणीकडं मामांच्या उसात तणनाशक मारायला भाड्याचा ड्रोन आणला होता. मामांनी बांधावर उभं राहून बोटानं हद्द दाखवली, ड्रोन चालवणाऱ्या पोरानं स्क्रीनवर शेताचे कोपरे टिपले, मशीन आपोआप चालू झालं आणि वारं सुटलं. चार दिवसांत शेजारच्या तंबाखूची पानं वाटीसारखी वळली. पोरगा म्हणतोय, "ऑटोवर होता की, मी काय केलं?"

हे उत्तर कायद्यात चालत नाही. यंत्रावर दावा होत नाही, भरपाई भरायची ती माणसानं नाहीतर कंपनीनंच.

विकत घेतला तर हद्द तुम्ही टिपणार, वाऱ्यात उडवायचं की नाही तेही तुम्हीच ठरवणार, म्हणून शेजारी पहिला तुमच्याच दारात. हे ड्रोन २ किलोच्या वरचे, त्यामुळं ड्रोन नियम २०२१ प्रमाणं नोंदणी, पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याचं नुकसान भरणारा) लागतोच. मशीनच बिघडून हद्द सोडून गेलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनवणाऱ्या कंपनीला धरता येतं, पण गावातल्या मेकॅनिककडनं नोझल बदलून घेतलं असलं आणि नुकसान त्यानंच झालं असलं तर कंपनी सुटू शकते. इथंच लोक फसतात, कृपा करून बिल आणि सर्व्हिसचे कागद जपून ठेवा.

भाड्यानं घेतला तर चुकीच्या कामाची जबाबदारी मुख्यतः सेवा देणाऱ्यावर. मात्र "वारं असू दे, मार तू" असं तुम्ही म्हटलं, किंवा हद्दच चुकीची दाखवली, तर तुम्हीपण त्यात ओढले जाता. मामांचं तेच झालं, कागद काहीच नव्हता, सगळं फोनवर ठरलेलं, पंचांनी निम्मी भरपाई मामांवर टाकली.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट. कर्नाटकातल्या कोगनोळीच्या पुढं रान महाराष्ट्रातल्या कागलच्या हद्दीला भिडतं. कायदा केंद्राचा, दोन्हीकडं सारखाच, पण जळालेलं पीक तिकडचं असलं तर दावा तिकडच्या कोर्टात पडू शकतो आणि तारखांना तुम्हाला जावं लागेल.

माझं स्पष्ट मत, पाच-दहा एकरवाल्यानं विकत घेऊ नये. भाड्यानं आणा, पण आधी पायलटचं सर्टिफिकेट आणि विम्याची तारीख बघा, हद्द कुणी टिपली ते लिहून घ्या, करारपत्र कन्नडमध्ये असलं तर जाणत्याकडनं वाचून घेऊन मगच सही करा.

मामा यंदा परत भाड्यानंच आणणार आहेत, फक्त तंबाखूकडच्या चार सऱ्या पाठीवरच्या पंपानं मारायच्या ठरल्यात.