पावसात मागून सुटणारी गाडी: एमएक्स-५, जीटी८६, एस२००० की बॉक्स्टर?

ब्रिटनमध्ये राहणारा मराठी माणूस पहिलीवहिली स्पोर्ट्स कार सेकंड-हँड बघायला लागला की चार नावं हमखास समोर येतात: माझदा एमएक्स-५, टोयोटा जीटी८६, होंडा एस२००० आणि पोर्श बॉक्स्टर. चारही गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. कोरड्या रस्त्यावर यांतली कुठलीही घ्या, मन भरेल. पण तिथला रस्ता कोरडा किती दिवस असतो? आणि ओल्या रस्त्यावर या चौघींचे स्वभाव फार वेगळे आहेत. म्हणून शून्य ते साठ किती सेकंदांत, हे मी इथे मोजत नाही. मागच्या चाकाची पकड सुटल्यावर गाडी तुम्हाला सावरायला किती अवधी देते, एवढंच बघतो.

त्याआधी तुमच्या पायाबद्दल बोलायला हवं. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि त्यानंतर भारतात छोट्या गाडीवर हात बसवलेले बहुतेक जण पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांवरच शिकले. अशी गाडी वळणावर जास्त वेगात गेली की तिचं नाक बाहेर जातं. आपण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढच्या चाकांवर येतं, ती पुन्हा पकड घेतात आणि गाडी वळते. पायाला सवय लागते: घसरलं की सोड. (पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर चालवलेले वडील म्हणतील, आमच्याही गाड्या मागच्या चाकांवरच चालायच्या. खरं आहे, पण त्या इंजिनांत चाक फिरवून मागचा भाग बाहेर काढण्याएवढी ताकद नव्हती.)

मागच्या चाकांच्या स्पोर्ट्स कारमध्ये हीच सवय घात करते. ओल्या वळणावर मागची बाजू सरकायला लागली आणि तुम्ही ॲक्सिलरेटर एकदम सोडलात, तर वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. वर इंजिनाचं ब्रेकिंग पडतं तेही त्याच चाकांवर. आधीच पकड संपत आलेल्या टायरवर आणखी एक काम. गाडी गर्रकन फिरते. पाय हळूहळू, थोडासाच उचलायचा, नजर जायच्या दिशेला ठेवायची, मागची बाजू ज्या दिशेला सरकतेय त्या दिशेला स्टेअरिंग द्यायचं आणि गाडी सरळ होऊ लागताच ते तितक्याच चपळाईने परत आणायचं. परत आणायला उशीर झाला की गाडी उलट्या बाजूला फेकली जाते, आणि हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

आता या चुकलेल्या पायाला कुठली गाडी किती माफ करते ते बघू.

एमएक्स-५ची २०१५ पासूनची पिढी सर्वांत जास्त माफ करते. वजन साधारण एक टन, पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. टायर अरुंद आहेत: दीड लिटरच्या गाडीला १९५ मिमी, दोन लिटरला २०५. अरुंद टायर साचलेलं पाणी सहज कापतो, आणि पकड सुटते तीही कमी वेगात, हाताला आधी कळवून. ईएससी, म्हणजे गाडी फिरू लागताच एकेका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून तिला आवरणारी यंत्रणा, या पिढीत असतेच. २०२४ च्या सुधारणेत माझदाने दोन लिटरच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) बदलला. तो आता वेग घेताना आणि वेग सोडताना वेगवेगळ्या प्रमाणात आवळतो. पाय उचलल्यावर मागची बाजू अस्थिर होऊ नये, हाच त्यामागचा हेतू. पण बजेट बेताचं असेल तर दीड लिटरची १३१ अश्वशक्तीची गाडी घ्या. पावसात ती कमी पडणार नाही.

जीटी८६ (ब्रिटनमध्ये २०१२ पासून) थोडी खोडकर. २०० अश्वशक्ती आणि मुद्दाम दिलेले साधे मिशलिन प्रायमसी टायर, २१५ मिमीचे. कमी वेगातही गाडी खेळती राहावी म्हणून टोयोटाने पकड जाणूनबुजून माफक ठेवली. त्यामुळे ओल्या राउंडअबाउटवर दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त पाय दिला की शेपूट बाहेर येते. पण येते ती सावकाश, आणि सावरायला वेळ मिळतो. शिकायचं असेल तर मला ही गाडी एमएक्स-५ इतकीच आवडते. मागे लहान का होईना, दोन सीट आहेत, हा घरात मांडायला चांगला मुद्दा.

एस२००० बद्दल मात्र मी सावध करतो. १९९९ ते २००९ मधली ही गाडी, दोन लिटरमधून २४० अश्वशक्ती, इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जातं. खरी ताकद ६००० च्या आसपास व्हीटेक (जास्त आरपीएमवर व्हॉल्व्ह अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा) बदलल्यावर एकदम उसळते. ओल्या वळणात ती उसळी आली तर मागचं चाक सुटतं. घाबरून पाय उचलला, तर एवढ्या आरपीएमवरचं इंजिनाचं ब्रेकिंग जबर असतं आणि ते काम पुरं करतं. सुरुवातीच्या गाड्यांची मागची बाजू अचानक सुटते अशी ख्यातीच होती. होंडाने २००४ च्या मॉडेलमध्ये सस्पेन्शन बदलून ती शांत केली, पण स्थिरता राखणारी यंत्रणा २००६ च्या सुमारास आली. म्हणून पहिलीच मागच्या चाकांची गाडी म्हणून, रोज ऑफिसला न्यायला, २००४ च्या आधीची एस२००० घेऊ नका. इंजिन अप्रतिम आहे, हे मान्य करूनही सांगतो.

बॉक्स्टरमध्ये इंजिन मध्यभागी, मागच्या चाकांच्या पुढे. मागच्या चाकांवर वजन असल्याने ओल्यातही ती सहजासहजी सुटत नाही. सुटली की मात्र पटकन फिरते, कारण जड भाग मध्याजवळ असलेली वस्तू फिरायला सोपी असते. म्हणजे मर्यादा उंच, पण ती ओलांडल्यावर हातात अवधी थोडा. ९८७ पिढी घ्या, तिच्यात पीएसएम, म्हणजे पोर्शची ईएससी, असतंच. आधीच्या ९८६ मध्ये ते प्रत्येक गाडीत नाही, विचारून घ्या. आणि १८ इंची चाकांवर मागचे टायर २६५ मिमी असतात, मोटरवेवर पाणी साचलं असेल तेव्हा हे विसरू नका.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की मात्र चौघी सारख्याच असहाय. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून आलेलं, मुळात विमानांच्या टायरसाठीचं सूत्र ढोबळमानाने लावलं, तर ३२ पीएसआय हवेचा टायर खोल पाण्यावर ताशी ५८ मैलांच्या आसपास रस्ता सोडतो. हवा २४ वर उतरली असेल तर ५१ लाच. मोटरवेची मर्यादा ७० आहे. टायरच रस्त्याला टेकत नसेल तर ईएससीने कशाला ब्रेक लावायचा? तिथे स्टेअरिंग सरळ धरून पाय अलगद उचलायचा, ब्रेक नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी टायरपाशी वाका. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे गोटा टायरपेक्षा भरपूर नक्षी असलेला म्हातारा टायर जास्त सापडतो, आणि त्याचं रबर कडक झालेलं असतं. बाजूवरचे चार अंक वाचा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. इतका जुना असेल तर चार नव्या टायरचे पैसे किमतीतून मागून घ्या. मागे एका कंपनीचा आणि पुढे दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त टायर असेल तरीही तेच. कायद्याने १.६ मिमी नक्षी चालते, पण या गाड्यांना ३ मिमीवर बदला. सात अंशांखाली उन्हाळी टायर पकड गमावतो, हेही नोव्हेंबर ते मार्च लक्षात ठेवा.

एमएक्स-५ किंवा जीटी८६ घेऊन उरलेले पैसे टायर आणि एक दिवसाच्या स्किड-पॅन (मुद्दाम निसरडं केलेलं मैदान) प्रशिक्षणावर घाला. पोर्शच्याच मार्गाने जायचं असेल तर सिल्व्हरस्टोनच्या त्यांच्या केंद्रात मागची चाकं मुद्दाम झटक्याने सरकवणारी किक-प्लेट आहे. बॉक्स्टर विकत घेण्याआधी तिथे एक सत्र करा. पाय आपसूक उचलला जातोय का, ते पहिल्या दोन-तीन घसरणींतच कळतं.