अजिंठ्याला गाईड घ्यावा की फोनवर भागेल?

अजिंठा-वेरूळची सहल ठरली की घरात हा प्रश्न निघतोच. सगळी माहिती फोनवर मिळते, मग गाईडला पैसे कशाला द्यायचे? मी फोनच्या भरवशावर गेलोय, गाईड घेऊन गेलोय आणि आईवडिलांसोबत टूरच्या बसनेही गेलोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. अजिंठ्याला गाईड घ्याच. वेरूळला नाही घेतलात तरी चालेल.

अजिंठ्याचं १ नंबरचं लेणं घ्या. गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे. पहिल्या खेपेला अंधारात ती पाहिली, हात जोडले आणि पद्मपाणीच्या चित्राकडे वळलो. दुसऱ्या खेपेला गाईडने बॅटरीचा उजेड मूर्तीवर एका बाजूने टाकला, तेव्हा चेहरा गंभीर दिसला. दुसऱ्या बाजूने टाकला, तर ओठांवर हसू उमटलं. समोरून उजेड पडताच मूर्ती ध्यानात गेल्यासारखी शांत झाली. वडील तिथून हलेचनात. मग त्याच गाईडने एका खांबावरची चार हरणं दाखवली. शरीरं चार आणि डोकं एकच, पण कुठल्याही हरणाकडे पाहिलं तरी ते डोकं त्याचंच वाटतं. पहिल्या खेपेला मी त्याच खांबाजवळून पुढे गेलो होतो.

फोनचं काय? तो स्वस्त पडतो, आपल्या चालीने चालतो, हवं तिथे थांबवता येतो. संग्रहालयात मला तोच आवडतो. कानाला यंत्र लावून माहिती ऐकायची सोय तिथूनच आली. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्ये ती सुरू केली. पण तिथे दिवे असतात, प्रत्येक चित्राखाली क्रमांक असतो. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, भिंतभर पसरल्या आहेत आणि चित्रं जागोजागी उडाली आहेत. विश्वंतर राजपुत्राची गोष्ट कुठे सुरू होते आणि पुढे कुठे सरकते, हे बोट दाखवल्याशिवाय कळत नाही. शिवाय दरीत रेंजचा भरवसा नाही, म्हणून ऑडिओ आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.

या लेण्यांची अलीकडची ओळखही वाट दाखवणाऱ्यापासूनच सुरू होते. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे पोहोचला. त्याला एका गुराख्याच्या पोराने वाट दाखवली, असं सांगतात. स्मिथने १० नंबरच्या लेण्यात आपलं नाव कोरून ठेवलं. ते आज डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात मातीदगडांचा थर साचला होता आणि तो त्या थरावर उभा होता. साहेबाचं नाव खांबावर राहिलं, पोराचं कुठेच नाही. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

वेरूळची गोष्ट वेगळी. कैलास लेण्यात रामायण-महाभारताचे पट कोरलेले आहेत. आत गेल्यावर डाव्या हाताला महाभारत, उजव्या हाताला रामायण. कैलास पर्वत हलवणारा रावण शाळकरी पोरंही ओळखतात. लेणी ३४ आहेत. आधी बौद्ध, मग हिंदू, शेवटी जैन, असे क्रमाने नंबर आहेत. चांगलं पुस्तक सोबत असेल तर आरामात दिवस जातो. फक्त परग्रहवासीयांनी कैलास खोदला असं सांगणारे व्हिडिओ बाजूला ठेवा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम आहे.

थापा गाईडही मारतात, आणि हे फार जुनं आहे. दुसऱ्या शतकात ग्रीस हिंडलेल्या पौसानिअसने अर्गोसच्या गाईडांबद्दल लिहून ठेवलंय की आपण सांगतो ते सगळं खरं नाही हे त्यांना ठाऊक असतं, तरी ते तेच सांगतात. म्हणून ओळखपत्र पाहूनच गाईड ठरवा. दर, वेळ, लेणी किती आणि मराठीत सांगणार का, हे आधी बोलून घ्या. ‘दुकानात थांबायचं नाही’ हेही तेव्हाच सांगा. एकदा न सांगितल्याने माझा पाऊण तास साड्या बघण्यात गेला.

राहिला टूर लीडर. त्याचं काम निराळं. ५ जुलै १८४१ ला इंग्लंडमध्ये, पुढे सहलींचा मोठा धंदा उभा करणाऱ्या थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसं रेल्वेने नेली. टूर लीडर आजही तेच करतो: तिकिटं, जेवण, माणसं मोजणं. आईचे गुडघे दुखत होते, तेव्हा डोलीची सोय त्यानेच केली. वयस्कर मंडळी असतील तर टूरनेच जा. पण लेण्यात किती वेळ मिळणार ते बुकिंगआधी विचारा. आम्हाला अख्ख्या अजिंठ्याला दीड तास मिळाला आणि २६ नंबरचा महापरिनिर्वाणातला बुद्ध राहूनच गेला.

एकाच दिवसाचा गाईड परवडत असेल तर तो अजिंठ्याला घ्या, सकाळी लवकर, आणि १, २, १०, १६, १७, २६ ही लेणी दाखवायला सांगा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.