सात एचपीचं श्रेडर: कचऱ्याचा दर लावणाऱ्या माळ्याच्या नजरेतून

पुण्यात बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळणं हा माझा धंदा. छाटणीचे पैसे द्यायला कुणी का-कू करत नाही. घासाघीस होते ती कचरा उचलण्यावर. "कचरा आमच्याच झाडाचा, आणि तो न्यायचे वर साडेतीन हजार?" हे मी सहकारनगरपासून बाणेरपर्यंत सगळीकडे ऐकलंय. फांद्या भरडायचं पेट्रोलवरचं श्रेडर घेतलं ते या प्रश्नाला उत्तर म्हणून. उन्हाळ्यातली छाटणी आणि पावसानंतरची अशा दोन्ही हंगामांत ते चालवून झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच यंत्र बाजारात चार रंगांत चार नावांनी मिळतं. मला ४८,००० ला पडलं.

यंत्राआधी जुना हिशोब सांगतो, नाहीतर ४८,००० महाग की स्वस्त ते कळणार नाही. छोटा हत्ती टेम्पो सुमारे पाऊण टन वजन नेतो, पण फांद्यांनी तो वजनाने कधीच भरत नाही, आकाराने भरतो. हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट. पाच फूट उंचीपर्यंत रचून, वर चढून तुडवून, ताडपत्री टाकून दोरी आवळली की १७५ घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास या हिशोबाने पावणेदोन ब्रास माल. टेम्पोचे १८००, भरायला-उतरवायला दोन माणसांचा अर्धा दिवस म्हणजे ९००, ज्याच्या रानात टाकतो त्याचे २००. झाले २९००. त्यावर ६०० माझे. यात टेम्पोवाला "निघालोच" म्हणून दीड तास उशिरा येतो, तो वेळ धरलेला नाही.

गोणीवर किंवा किलोवर दर लावणारे माळी आहेत. माझं त्यांच्याशी पटत नाही. पालापाचोळा गोणीत जातो, बोगनवेल जात नाही. किलोवर लावला तर पावसाळ्यात तुम्ही गिऱ्हाइकाकडून पाण्याचे पैसे घेता आणि मार्चमध्ये वाळलेला ढीग फुकटात वाहता. ढिगाला टेप लावायचा, लांबी-रुंदी-उंची गुणायची, शंभराने भागायचं. वाळू-खडीमुळे ब्रास इथे सगळ्यांना कळतो, वाद होत नाही.

आता यंत्र. २१२ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, दोन चाकं, वजन दोन माणसांनी उचलून टेम्पोत चढवावं एवढं. वर मोठं तोंड, त्यात पानं आणि बारीक काटक्या टाकायच्या. बाजूला एक निमुळती नळी, त्यात फांदी सरळ सारायची. माहितीपत्रकात तीन इंच जाडीची फांदी लिहिली आहे. गुलमोहराची ओली फांदी दोन इंचांपर्यंत सुखाने जाते. आंब्याची वाळलेली फांदी दीड इंचाच्या पुढे गेली की इंजिन कण्हायला लागतं. तीन इंची फांदी जात नाही असं नाही, पण तेवढ्या वेळात करवतीने कापून ती सरपणाला देणं परवडतं.

पात्यांकडे मात्र लक्ष हवं. चकतीवर दोन पाती आहेत, दोन्ही बाजूंनी धारेची, एक बाजू बोथट झाली की उलटवून बसवायची. समोरच्या पट्टीत आणि पात्यात मी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवतो. ती वाढली की भुगा पडायचा बंद होतो आणि चघळलेल्या सालीच्या लडी बाहेर यायला लागतात. लडी दिसल्या की काम थांबवून पाना हातात घ्यायचा, आणि त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवायची, म्हणजे इंजिन चुकून चालू होत नाही. सप्तपर्णी, चाफा, रबर या चिकाच्या झाडांनी पातं काळं चिकट होतं, ते रॉकेलच्या फडक्याने त्याच दिवशी पुसावं लागतं. आणखी एक, हे इंजिन फोर स्ट्रोक, त्याला साधं पेट्रोल लागतं, म्हणून गवत कापायच्या ब्रश कटरचा टूटी (टू स्ट्रोकचं) तेल मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन या यंत्राजवळ ठेवायचाच नाही. माझ्या कॅनच्या झाकणांना दोन रंग आहेत.

हे सगळं सोसावं असं काम ते करतं का? काटेरी झाडांसाठी नक्कीच. सहकारनगरच्या एका काकूंची बोगनवेल गेटवरून पार गच्चीपर्यंत गेली होती. ती भरताना पोरांचे हात सोलवटतात, टेम्पोवाला ताडपत्री फाटते म्हणून जास्त मागतो. तिथे यंत्र लावलं. छाटून पडलेला दोन ब्रासचा काटेरी डोंगर जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपला आणि जागेवर राहिला कंबरेएवढा भुगा. माझ्या अंदाजाने फांद्यांचा भुगा पाचाला एक होतो. काकू खुर्ची टाकून बघत होत्या. "आता हे नेणार ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, हे नेण्यापेक्षा आंब्याखाली दोन-तीन इंच पसरू, उन्हाळ्यात पाणी कमी लागेल. त्यांनी वाळवीचं विचारलं, सगळेच विचारतात. घराच्या भिंतीपासून आणि झाडाच्या खोडापासून लांब ठेवायचं, आणि ताजा भुगा मातीत कालवायचा नाही, कारण कुजताना तो मातीतलं नत्र ओढतो. वरून पसरला तर काही होत नाही.

दर मी असा बसवला. दोन माणसांचे तासाला २२५, पेट्रोल सव्वा लिटरचे १३० च्या आसपास, पाती-बेल्ट-तेल धरून ६०, आणि यंत्र सहाशे तास चालेल असं धरून झिजेचे ८०. तासाला सुमारे ५०० खर्च, आणि तासाला साधारण एक ब्रास भरडून होतो. यंत्र नेण्या-आणण्याचे मला ५०० पडतात. गिऱ्हाइकाला सांगतो: यंत्र आणायचे ६००, पुढे ब्रासला ८००, भुगा तुमच्याच बागेत. पावणेदोन ब्रासला २००० होतात, पूर्वी ३५०० व्हायचे. माझ्या हातात दोन्हीकडे सहाशेच्या आसपासच राहतात.

मग फायदा काय, असं एका धंदेवाल्या मित्राने विचारलं. त्याचं म्हणणं, दर ३५०० च ठेव, यंत्राचे पैसे लवकर निघतील. पण खरी कमाई छोट्या ढिगांत आहे. अर्ध्या ब्रासासाठी टेम्पो बोलवायचा तर खर्च तोच २९००, मग लोक "राहू दे, कोपऱ्यात पडू दे" म्हणायचे आणि नंतर कुणीतरी काडी लावायचं. आता १००० मध्ये काम होतं. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवलाय, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायला सांगितलं होतं. हे सांगितलं की १००० जड वाटत नाहीत. मात्र १९७५ चा झाडांचा कायदा यंत्राने टळत नाही. परवानगी नसताना तोडलेल्या फांद्यांचा भुगा करून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो, आणि असे लोक निघतात.

जे जमत नाही ते सांगायला हवं. नारळाच्या झावळ्या या यंत्राच्या जिवावर उठतात. त्यांचे धागे यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती असे गुंडाळतात की चाकू घेऊन अर्धा तास कोरत बसावं लागतं. अरेका आणि फॉक्सटेल पामचंही तेच. त्यांचा दर मी अजून टेम्पोचाच लावतो, झावळ्या नगावर मोजून. ओलं हिरवळीचं गवत तोंडाशी लगदा होऊन बसतं, त्याचं थेट कंपोस्ट बरं. फुलावर आलेलं गाजरगवत आत घालायचं नाही, बी सगळ्या बागेत जाईल. पिठ्या ढेकूण लागलेल्या जास्वंदीचा भुगा त्याच बागेत पसरायचा नाही, तो बांधून न्यावा लागतो, त्याच्या गोणीचे वेगळे पैसे. नुसती वाळकी पानं असतील तर यंत्राचं भाडं लावायला मलाच लाज वाटते. पुण्यात ब्राउन लीफसारखा गट आहे, पानं असलेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून देणारा. मी गिऱ्हाइकाला तिकडे पाठवतो.

आवाज भयंकर आहे. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, आणि सैल बाह्यांचा शर्ट घातलेल्या पोराला यंत्राजवळ उभं करत नाही. दुपारी एक ते चार यंत्र लागणार नाही, हे आता कोटेशनवरच छापलंय.

दुकानाबद्दल: विकताना चहा पाजला, डेमो दिला. बेल्ट तुटल्यावर मात्र "मागवतो" म्हणत तीन आठवडे घालवले. शेवटी जुना बेल्ट हातात घेऊन मीच पेठेतल्या बेल्टच्या दुकानात गेलो, त्यावरचा नंबर वाचून त्याने तसाच काढून दिला. पात्यांची एक जोडी आणि दोन बेल्ट खरेदीच्या दिवशीच मागून घ्या, तेव्हा दुकानदाराचा मूड चांगला असतो.

पाचपैकी साडेतीन. महिन्याला दहा-बारा ब्रास ओल्या फांद्या निघत असतील तर घ्या. तुमच्याकडे नारळ आणि पामच जास्त असतील तर हे पैसे चांगल्या टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स द्या, तो वेळेवर तरी येईल.