आपल्या युद्धाचा निवाडा कुणी करावा: सुरक्षा परिषद, हेगचं कोर्ट की आपण स्वतः?

‘आमचं युद्ध कायदेशीर की बेकायदा, हे सांगणारे परके कोण?’ असं कुणी विचारलं की आपल्याकडे बाजू लगेच ठरतात. तुमची बाजू ठरायची असेल तर आधी हे बघा की परके म्हणजे नेमके कोण. संयुक्त राष्ट्रांची न्यूयॉर्कमधली सुरक्षा परिषद आणि हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय हे काही एका माळेचे मणी नाहीत. पोर्तुगालच्या कृपेने आपण दोन्ही दारं पाहिली आहेत, तीही वीस महिन्यांच्या अंतराने.

आधी परिषद. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये बैठक बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव होता: लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. ११ पैकी ७ मतं बाजूने पडली, ४ विरोधात. त्या चारांत सोव्हिएत रशिया होता, परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एक; त्यांच्यातल्या एकाचाही विरोध ठराव पाडतो, म्हणून नकाराधिकार लागला आणि ठराव पडला. पोर्तुगालची तक्रारच फेटाळा, असा सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा ठरावही ४ विरुद्ध ७ ने पडला. म्हणजे भारत बरोबर की चूक, हे परिषदेने सांगितलंच नाही. आपण सुटलो ते मॉस्कोच्या दोस्तीवर. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या ठरावावर रशियाने स्वतःच नकाराधिकार वापरला. आरोपीच पंचांत बसलेला.

परिषदेच्या बाजूने एक मात्र मान्य करायला हवं. या पाच बड्या कायम सदस्यांचं जमलं की ती नुसतं बोलून थांबत नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर माघारीचा ठराव त्याच दिवशी झाला आणि नोव्हेंबरात बळ वापरायची परवानगीही मिळाली. कोर्टाच्या हातात असलं काही नाही.

आता कोर्ट. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून तिथे जायचं तर भारताच्या हद्दीतूनच जावं लागे आणि ती वाट आपण बंद केली. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ ला कोर्टाचा अधिकार मान्य केला आणि तिसऱ्या दिवशी दावा ठोकला! भारताच्या वतीने न्यायपीठावर मुंबईचे मुख्य न्यायाधीश राहिलेले छगला बसले. १२ एप्रिल १९६० चा निकाल वाचण्यासारखा आहे. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना त्या वाटेचा हक्क होता; सैनिक, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. कारण ब्रिटिश काळापासून बंदूकवाला जायचा तर परवानगी घेऊनच. या दुसऱ्या मुद्द्यावर मतं ८ विरुद्ध ७ अशी काठावर होती. भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६ ने ठरलं. दोन्ही बाजूंना थोडं लागणारा, पण कारणं देणारा निकाल.

कोर्टाची गोम अशी की तुमच्या संमतीशिवाय ते तुमचा खटला चालवू शकत नाही. कोर्टाचा अधिकार कुठवर मान्य हे सांगणाऱ्या १९७४ च्या घोषणापत्रात भारताने सशस्त्र संघर्ष आणि स्वसंरक्षणाचे वाद बाहेर ठेवले, राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वादही. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छजवळ पाकिस्तानचं विमान पाडल्याचा पाकिस्तानचा दावा राष्ट्रकुलाच्या अटीमुळेच २००० मध्ये दारातून परत गेला. आणि निकाल लागला तरी तो पाळला जाईलच असं नाही. १९८६ मध्ये निकाराग्वाच्या दाव्यात अमेरिका दोषी ठरली. तिने आधीच सुनावणीतून अंग काढून घेतलं होतं, निकालही मानला नाही.

राहिला तिसरा पर्याय: आपला निवाडा आपणच करायचा. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या कलमातला स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येक हल्लेखोराला तोंडपाठ असतो.

तुमची काळजी सार्वभौमत्वाची असेल तर कोर्टाला भिऊ नका. संमतीची किल्ली तुमच्याच खिशात आहे. चालू युद्ध थांबवायचं असेल तर कोर्टावर भिस्त ठेवू नका. बरोबर-चूक कारणांसकट ऐकायचं असेल, तर मात्र तेच एक ठिकाण आहे आणि माझा कौल त्यालाच. १९६१ चा गोवा हेगला गेला असता तर आपण जिंकलोच असतो, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नगर हवेलीवर १९५४ पर्यंत पोर्तुगालची सत्ता होती, हे त्या कोर्टाने धरूनच चाललं होतं. तरीही कौल बदलत नाही.