सिस्सूचे मोजे, मनालीची लोकर आणि माझे 29,549 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "नेमके किती गेले हो काकू?" असं विचारायचं कोणाचं राहायला नको. 29,549. गेल्या दीड महिन्यात दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय, आणि विचारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर "एवढी शिकली-सवरलेली बाई!" हे लिहिलेलं असतं. शिकलेली आहेच. 31 वर्षं शाळेत गणित शिकवलंय. भोळ्या माणसांनाच फसवतात हा समज डोक्यातून काढा. मला त्या मनालीच्या लोकरवाल्याने माझ्या हुशारीतूनच धरलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये आम्ही तीन जोडपी नागपूरहून कुलू-मनालीला गेलो. आमचे हे डोंगर बघतात, मी लोकांच्या अंगातले स्वेटर बघते. प्रवासात पिशवीत सुया असतातच. अटल बोगद्यातून नऊ किलोमीटर जाऊन पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला उतरलो, तर एका घरापुढे उन्हात एक आजी मोजा विणत बसलेल्या. पाच सुया, दोन्हीकडून टोकदार, आणि टाचेच्या वर लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींची नक्षी. समोर कागद नाही, नमुना नाही. बोलता बोलता, सुयांकडे न बघता हात चाललेले. मी शेजारी पाऊण तास बसले. त्यांना हिंदी जेमतेम, मला त्यांची भाषा शून्य. मागच्या बाजूला दुसऱ्या रंगाचा धागा कसा सैल सोडायचा, हे त्यांनी माझं बोट धरून दाखवलं. मी औषधांच्या बिलाच्या पाठीवर चौकटी काढून टाके मोजले. लाहौलच्या या मोज्यांना नि हातमोज्यांना जीआय मानांकन आहे, म्हणजे त्या भागाचीच खासियत म्हणून कायदेशीर ओळख. मला ते नंतर कळलं, पण हाताला तेव्हाच कळलं होतं. 450 रुपयांना एक जोड घेतला. त्या सहलीत मी दिलेले तेवढेच पैसे सत्कारणी लागले.

डोक्यात तीच नक्षी घेऊन परत निघालो आणि मनालीच्या अलीकडे ड्रायव्हरने गाडी एका दुकानासमोर लावली. "फॅक्टरी का माल है, सिर्फ देखना." सहलीला गेलेल्या प्रत्येकाला ही जागा ठाऊक आहे, ड्रायव्हरचं कमिशन ठाऊक आहे, चहा फुकट मिळतो तेही ठाऊक आहे. आत शाल अंगठीतून ओढून दाखवायचा खेळ चालू होता. मी सगळ्यांदेखत सांगितलं की अंगठीतून रेयॉनची शालही जाते. पश्मिना म्हणजे लडाखमधल्या चांगथांगच्या बकरीची लव, 12 ते 16 मायक्रॉन जाडीची, केसाहून कितीतरी बारीक, हाताने कातलेली. ती 850 रुपयांना मिळत नसते, भाऊ. दुकानदार हसला. म्हणाला, "मैडमजी तो जानकार हैं." आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

आतल्या खोलीत खरी लोकर होती. हे मी आजही छातीठोक सांगते. जाडसर लच्छे, बोटांना किंचित तेलकट लागणारे, मध्येच गवताची काडी अडकलेली, ओलं केल्यावर मेंढीचा वास येणारे. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांची लोकर, असं तो म्हणाला. मी तिथल्या तिथे एक तुकडा तोडून काडेपेटीवर धरला. केस जळल्याचा वास, आपोआप विझला, राख चिमटीत भुगा झाली. खऱ्या लोकरीची हीच खूण. 100 ग्रॅमचे चार लच्छे, 850 प्रमाणे 3,400 रुपये दिले. बिल मागितलं. त्याने दिलेल्या चिठ्ठीवर वर "एस्टिमेट" छापलेलं होतं. जीएसटी नंबर नाही, पत्त्यात फक्त "मेन रोड". मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. "एस्टिमेट" लिहिलेला कागद म्हणजे बिल नव्हे. घेऊ नका, दुकानातून हलू नका.

परत आल्यावर आमच्या विणकामाच्या गटात ते चार लच्छे दाखवले. सात जणी आहोत, दर बुधवारी जमतो, काही जणी डिसेंबरात प्रदर्शनात टोप्या-स्वेटर विकतात. नागपुरात लोकर कशाला, असं पुण्याचे लोक विचारतात. त्यांना सांगा, 2018 च्या डिसेंबरात इथे पारा 3.5 वर आला होता. पण इथल्या बाजारांत, इतवारीत बघा नाहीतर महालात, सगळीकडे लुधियानाची ॲक्रेलिक, म्हणजे कृत्रिम धागा. या लच्छ्यांना हात लावला आणि सगळ्या वेड्याच झाल्या. "ताई, आमच्यासाठीही मागवा नं."

झालं. मी त्या दुकानदाराला फोन केला. 30 लच्छे, होलसेल भाव 780, म्हणजे 23,400. सहा जणींचे चार-चार आणि माझे सहा. 22 नोव्हेंबरला निम्मे, 11,700. 25 ला "पॅकिंग हो गया" म्हणून उरलेले 11,700 आणि कुरियरचे 1,150.

आता ती जागा, जिच्यापाशी मी रोज रात्री जाऊन येते.

निम्मे पैसे देण्याआधी मी त्याला सांगितलं होतं की लॉटमधला धागा जाळून व्हिडिओ पाठवा. बघा, मी मागितला होता! पंधरा मिनिटांत आला. 22 सेकंदांचा. मागे टेबलावर लच्छ्यांचा ढीग, समोर त्याचा हात, चिमटीत बोटभर धागा. लायटर, धूर, राख चोळली, भुगा झाली. मी तीन वेळा पाहिला. गटात टाकला. वर "बघा, अस्सल!" असं लिहिलंसुद्धा. आणि तिन्ही वेळा मला दिसलं नाही की व्हिडिओ सुरू होतो तेव्हाच धागा त्याच्या चिमटीत आहे. ढिगातल्या लच्छ्यातून तो ओढताना, तोडताना कुठेच दिसत नाही. ढीग वेगळा, धागा वेगळा. मुलांच्या गणितात मधली पायरी गाळली की मी लाल शाईने गोल करत असे. इथे मधली पायरीच गाळली होती आणि मी "अस्सल" लिहून मोकळी झाले. शिवाय ढिगातली लोकर चकाकत होती. खरी लोकर अशी चकाकत नाही, हे पहिलीतल्या पोरानेही सांगितलं असतं. मला वाटलं, ट्यूबलाइटचा उजेड असेल.

दुसरी जागा. क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर नाव आलं ते लोकरीच्या दुकानाचं नव्हतं, कुठल्याशा मोबाइल रिचार्जवाल्याचं होतं. विचारलं, तर "भांजे का है मैडमजी, हमारे में नेटवर्क नहीं आता." पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते वाचा. मी वाचलं होतं, तरी टाकला.

27 ला तिसरा फोन. पार्सल बॉर्डरवर अडकलंय, ई-वे बिलाचं (मालाच्या वाहतुकीसाठी काढायचा जीएसटीचा कागद) सिक्युरिटी डिपॉझिट 4,999, माल पोचला की परत. हसा. मीही आता हसते. पण तेव्हा रोज सहा जणी विचारत होत्या "आलं का?", आणि 24,550 त्याच्या खिशात जाऊन बसलेले. त्यात आणखी 4,999 टाकले. भाचा सीए करतोय, त्याला सांगितलं तर तो डोक्याला हात लावून बसला. "मावशी, काहून दिले वं? 50 हजाराच्या आतल्या मालाले ई-वे बिल लागत नाही सहसा. अन् लागलं तरी ते ऑनलाइन फुकट निघते, डिपॉझिट कसलं?" त्याला पैसे देण्याआधी विचारलं असतं तर? तेव्हा त्याची परीक्षा होती, म्हणून म्हटलं पोराला कशाला त्रास द्यायचा.

आणि पार्सल आलं. 3 डिसेंबरला. आलं हेच वाईट झालं, पुढे कळेलच.

मी गोणपाट उसवलं आणि हात घातल्याबरोबर कळलं. धागा बोटांत करकरला. तेलकटपणा नाही, काडी नाही, वास असलाच तर नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा. लच्छा स्वेटरला घासला, तर हातावरचे केस उभे राहिले. बेसिनवर एक तुकडा काढला, या वेळी लच्छ्यातूनच ओढून, आणि काडी लावली. भसकन पेटला, वितळला, आणि काळा मणी थेंबासारखा अंगठ्यावर पडला. डाग अजून आहे. एका लच्छ्याच्या आत कागदाचा पट्टा काढायचा राहून गेला होता, त्यावर "लुधियाना" छापलेलं. हीच लोकर इतवारीत 70 रुपयांना 100 ग्रॅम मिळते. म्हणजे 2,100 रुपयांचा माल मनालीची हवा खाऊन माझ्याकडे आला. जाळायची भीती वाटत असेल तर तुकडा वाटीभर ब्लीचमध्ये टाकून ठेवा. लोकर विरघळते, ॲक्रेलिक तशीच राहते. फक्त तुकडा स्वतः, लच्छ्याच्या पोटातून काढा.

त्याने फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी नंबर बंद.

आता सरकारी वारी. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मी फोन केला तो 4 डिसेंबरला, शेवटचे पैसे देऊन आठवडा झाल्यावर. तोवर खात्यात काय उरणार? संशय आला त्या मिनिटाला फोन करा, नवऱ्याला सांगायच्या आधी. तक्रार क्रमांक मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. दोन तास बाकावर बसले. साहेब जेवायला गेलेले, मग बंदोबस्ताला गेलेले (अधिवेशन होतं म्हणे). मग जे भेटले ते म्हणाले, "काकू, माल तं आला न तुमच्याकडे? मंग फसवणूक कुठून झाली? हा तं तुमचा व्यापारी वाद आहे." मी लच्छा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "चांगला तं आहे."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काहीच न पाठवता गायब झाला असता तर सरळ गुन्हा होता. 2,100 चा कचरा पाठवला की गुन्ह्याचा वाद होतो. पार्सल हाच त्याचा वकील. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

पुढच्या खेपेला म्हणाले, घटना मनालीत घडली, तिकडे जाऊन तक्रार द्या. मी म्हटलं, 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते. भाच्याने कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी तो कागद वाचला, परत केला, आणि "वकील आहात का?" असं विचारलं. मास्तरीण आहे म्हटलं. "मग बसा." बसले. चार खेपा, प्रत्येक खेपेला ऑटोचे 160. तेही धरा हिशेबात.

बँकेत आणखी मजा. "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा." समोरच्याच्या खात्याचं काय ते सांगा म्हटलं, तर ती त्याची खासगी माहिती. चोराची खासगी माहिती! माझा आधार, पॅन, फोटो, सही सगळं त्यांनी दोनदा घेतलं.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर म्हणाले, तुम्ही विकायला घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, पोट भरायला स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल व्यापारी धरत नाहीत, हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे. आपण राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांच्या आत फी नाही, हेही आहे. हे मी घरी वाचून गेले होते म्हणून बोलू शकले, नाहीतर तशीच परत आले असते. वाचून जा, प्रिंट घेऊन जा, आवाज चढवू नका, खुर्ची सोडू नका. मग म्हणाले, ठीक आहे, विरुद्ध पक्षाचा पूर्ण पत्ता द्या. माझ्याकडे "मेन रोड". त्या पत्त्यावर मी आधीच स्पीड पोस्टने नोटीस पाठवली होती, ती परत आली होती. शिक्का असा पुसट की कारणही वाचता येत नाही.

म्हणून दुकानाच्या पाटीचा फोटो काढा, जीएसटी नंबरासकट. फोटो काढायला मी विसरले नव्हते म्हणा. त्या दुकानासमोर आमचे सहा जणांचे अकरा फोटो आहेत, फुकटचा चहा हातात, आणि प्रत्येकात पाटी बरोबर डोक्यांच्या मागे झाकलेली.

ड्रायव्हरलाही फोन केला. म्हणाला, "मैडम, मैंने तो बोला था सिर्फ देखना."

गटातल्या पाच जणींचे 3,120 प्रमाणे 15,600 परत केलेत. कोणी मागितले नव्हते, पण बुधवारी समोर बसून टाके मोजायचे आहेत. सहावीचे 3,120 पुढच्या पेन्शनमधून. तिने सांगितलंय घाई नाही, आणि दर बुधवारी सांगते.